बंगारी हे नाव तुम्ही आणलंत

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. भेटायला येणारी माणसं आता कमी झाली. आला तो एकच बोलायचा, "मास्तर सुटले." सुटले म्हणजे काय ते मला कळत नाही. तीन महिने अंथरुणावर होतात हे खरं, पण सुटायची भाषा तुम्ही कधी केली नव्हती. शेवटच्या आठवड्यातसुद्धा सकाळी उठलं की विचारायचात, "आज वार कुठला?" वार कळला की कुठल्या गावचा बाजार ते कळायचं, आणि बाजार कळला की गाडीला गर्दी किती ते. कंडक्टरकी सोडून इतकी वर्षं झाली तरी तुमच्या डोक्यातली गाडी काही डेपोत लागली नव्हती.

लोकांनी तुमची नोकरी किती वर्षांची, तिकिटात कधी घोळ नाही, हे सगळं बोलून झालं. ते मी परत सांगत नाही. मला तुमच्याशी आपल्या लेकीच्या नावाविषयी बोलायचं आहे. त्या नावावरून आपलं जे भांडण झालं ते कधी मिटलं नाही. आपण ते नुसतं बंद केलं. आणि बंद केलं ते माझ्या बाजूनं खोटं बोलून केलं.

बहात्तरच्या दुष्काळात तुमची बदली झाली आणि आपण सांगलीला बिऱ्हाड केलं. पत्र्याची एक खोली, समोर सामाईक नळ. माझं माहेर रहिमतपूरचं, तुमचं गाव कराडजवळचं, सांगलीत आपलं कुणी नव्हतं. मला दिवस गेले होते. तुम्हाला जत–मिरज गाडी मिळाली होती. संध्याकाळी आलात की पाय धुताधुता म्हणायचात, "आज एका बाईच्या पोरीचं नाव इचारलं. परत संगीताच." गल्लीत चार संगीता होत्या, तीन सुनीता होत्या. मुलगी झाली तर तिचं नाव तुमच्या गाडीत कुणाचंच नसलेलं हवं, असं तुम्ही हसत म्हणायचात. मी आपली मनात वैशाली ठरवून बसले होते. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही "बघू" म्हणालात.

त्याच उन्हाळ्यात एके दिवशी तुम्ही घरी आलात आणि जेवला नाहीत. काय झालं विचारलं तर म्हणालात, "ऊन लागलं." मी ताक करून दिलं. ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ड्यूटीवर गेलात आणि मीही ते विसरले. पण तेव्हापासून गाडीतल्या पोरींची नावं विचारणं बंद झालं. ते मात्र माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

बारसं रहिमतपूरला झालं. तुमच्या आई, आमच्या आत्याबाई, आणि वन्सं सकाळच्या गाडीनं आल्या, तुम्ही दुपारी आलात. परड्यात चुलीवर घुगऱ्या शिजत होत्या. मला खूण करून तुम्ही तिकडं बोलावलंत.

"ऐक की. पोरीचं नाव बंगारी ठिवायचं."

"वैशाली ठरलंय ना?"

"ते न्हाई. बंगारी. कानडीत बंगार म्हंजी सोनं."

"मग सरळ सोनाबाई ठेवा. आत्याबाईंनाही आवडंल."

"न्हाई गं. बंगारीच."

मी तुमच्याकडं बघितलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तुम्ही माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. भाजीत मीठ नसलं तरी गप जेवून उठणारा माणूस. मी म्हटलं, "ठेवा." पुढं कितीदा वाटलं, त्या दिवशी का ते विचारायला हवं होतं.

आत्याबाईंनी मात्र ऐकलं तसं कपाळाला हात लावला. "आपल्या सात पिढ्यांत कुणी कानडी न्हाई! लोकं भंगार म्हणत्याल पोरीला." तुम्ही खाली मान घालून उभे राहिलात, पण मागं सरला नाहीत. वन्सं पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आणि परत सरळ होऊन म्हणाल्या, "दादा, काय ते नाव? परत एकदा सांग रं." बायका खोखो हसल्या. तुम्ही पुढं होऊन ते नाव सांगितलंत आणि तुमचा आवाज कातर झाला. सगळ्यांना वाटलं, पहिली मुलगी, बापाला भरून आलं. मलाही तसंच वाटलं.

आत्याबाईंचं म्हणणं खरं झालं. पोर चार वर्षांची झाली तसं गल्लीतली पोरं तिला भंगार म्हणायला लागली. सायकलवरून भंगारवाला आला की ओरडायची, "आली बघ तुझी गाडी!" ती रडत घरात यायची. तुम्ही तिला मांडीवर घेऊन सांगायचात, "तू सोनं हायस. त्यास्नी कानडी येत न्हाई, त्यास्नी काय कळतंय?" तेवढ्यानं ती हसायची. मला हसू यायचं नाही. मी तुम्हाला म्हटलं, शाळेत नाव घालताना वैशाली घालू, घरात तुम्ही काय हवी ती हाक मारा. तुम्ही 'हो'ही म्हणाला नाहीत, 'नाही'ही म्हणाला नाहीत. मी ते 'हो' धरलं.

मग मे महिन्यातल्या त्या रविवारी हणमंतभाऊ जेवायला आले. जत–मिरज गाडीवर ते तुमचे ड्रायव्हर होते. मग तुमची ड्यूटी सातारा गाडीवर लागली आणि भेटी कमी झाल्या. मी भाकरी वाढत होते. शाळेचा विषय निघाला, तशी मी म्हटलं, "आता नाव बदलतोय आम्ही. वैशाली."

हणमंतभाऊंनी हातातला घास खाली ठेवला. "नगा वैनी. मास्तरनं त्या पोरीचं नाव ठिवलं, त्ये लय चांगलं केलं. ऱ्हाऊ द्या."

"कुठल्या पोरीचं?"

त्यांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही ताटाकडं बघत होतात. मग त्यांनीच सांगितलं, थांबत थांबत. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात डफळापूरच्या पलीकडच्या फाट्यावर एक धनगराची बाई गाडीत बसली. पदराखाली तान्ही पोर, हगवणीनं सुकलेली, मान टाकलेली. मिरजेच्या दवाखान्यात न्यायची होती. पोरीला हलवत ती सारखी म्हणत होती, "बंगारी, बंगारी." हणमंतभाऊ म्हणाले होते, मास्तर, मधले थांबे सोडून गाडी थेट घेऊ का? तुम्ही नको म्हणालात. पुढं तपासणी असली तर नोकरी जाईल म्हणालात. प्रत्येक थांब्याला तुम्ही घंटीची दोरी ओढलीत. कवठ्याला बाजार होता. माणसं, कोंबड्या, पाट्या, सगळं चढेपर्यंत वीसेक मिनिटं गाडी उभी राहिली. मिरजेच्या अलीकडंच पोर गेली.

"आन परतीला," हणमंतभाऊ म्हणाले, "त्याच गाडीत ती बसली, पोर मांडीवर घिऊन. तवा मास्तरनं एकदाबी दोरी वढली न्हाई. लोकं हात करत हुती, आमी थांबलो न्हाई. थेट तिच्या फाट्यावर."

हणमंतभाऊ हात धुऊन गेले. मी तुमच्यासमोर येऊन बसले. काय काय बोलले ते मला आजही शब्द न शब्द आठवतं आणि त्यातलं निम्मं परत घ्यावंसं वाटतं. मेलेल्या लेकराचं नाव माझ्या जित्याजागत्या लेकीला? मी पोटुशी असताना तुम्ही हे मनात धरलंत? चूक तुमची आणि ती माझ्या पोरीच्या गळ्यात बांधलीत? तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. शेवटी म्हणालात,

"कवठ्याच्या पुढं ती हाक मारायची थांबली. तवा मला कळलं. मी मागंच हुतो, तिकिटं फाडत. ते नाव कुणीतरी हाक मारत ऱ्हावं, एवढंच वाटलं बघ."

"मग मारा तुम्ही एकटेच," मी म्हटलं आणि उठले.

आठ दिवस मी लेकीला नावानं हाक मारली नाही. ए पोरी, ए बाय, असं चालवलं. ती माझ्या तोंडाकडं बघायची. तुम्ही नेहमीसारखे पहाटे सातारा गाडीला जात होतात. जाताना पाळण्यातल्या बाळाला बघावं तसं तिला बघून जात होतात. मला तुमचा राग येत होता आणि कीवही. पण त्याहून मोठी भीती होती. ते नाव पोरीला लागेल, तिला काही होईल. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी आज म्हणू शकते. तेव्हा होता.

इथून पुढचं तुम्हाला माहीत नाही.

तुम्हीच मला सांगलीत एकटीनं फिरायला शिकवलं होतंत. "पाटी वाचता येती न्हवं? मग कुठंबी जाता येतंय," म्हणायचात. पुढच्या आठवड्यात तुम्ही ड्यूटीवर गेल्यावर मी पोरीला घेतलं आणि जत गाडीत बसले. तुम्हाला सांगितलं होतं की कवठ्याला मावसबहिणीकडं जाते. डफळापूर सोडल्यावर पुढच्या फाट्यावर उतरले. चहाच्या टपरीवर विचारलं, दुष्काळात जिची पोर गाडीत गेली ती धनगराची बाई कुठं राहते? टपरीवाल्यानं लगेच वस्ती दाखवली. अशी गोष्ट लोक विसरत नाहीत.

मी का गेले होते? खरं सांगते. मी नाव परत द्यायला गेले होते. तिच्या दारात नारळ फोडायचा, तिच्या पोरीचं नाव तिला परत केलं असं म्हणायचं, आणि येऊन शाळेत वैशाली लिहायचं. असं काही करतात का ते मला ठाऊक नव्हतं. मनाला जे सुचलं ते.

बाई दारातच बसली होती. कल्लव्वा तिचं नाव. माझ्याच वयाची असेल, पण उन्हानं रापून थोराड दिसत होती. मांडीवर वर्षाचा मुलगा. शेजारी एक कोकरू बांधलं होतं आणि आपली पोर माझा हात सोडून सरळ त्या कोकराकडं पळाली. मी कुठनं आले, कोण, काहीच विचारलं नाही तिनं. आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. तेवढ्यात मांडीवरून उतरलेला मुलगा पडला आणि रडायला लागला. तिनं त्याला उचललं, गालाला गाल लावला आणि म्हणाली, "बंगारी, बंगारी, अळबेड." रडू नको, असं काहीतरी.

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

कोकरापाशी बसलेली आपली पोर वळली. "काय?" म्हणाली. तिला वाटलं तिलाच हाक मारली.

कल्लव्वा हसली. मोडक्या मराठीत तिनं विचारलं, "तुला न्हाई बाळा, ह्येला म्हणतोय. तुजं नाव काय?"

"बंगारी."

"त्ये लाडाचं. नाव काय, नाव?"

"माझं नाव बंगारीच हाय," आपली पोर जोरात म्हणाली. असं भांडायची तिला सवयच झाली होती.

मग मला सांगावं लागलं. मी कुणाची कोण, ती गाडी, तो कंडक्टर. ती ऐकत राहिली. मुलाला छातीशी घेऊन हळूहळू झुलत होती. माझं बोलून झालं. मग म्हणाली, "बंगारी तिचं नाव न्हवतं, बाई. आमी समद्याच लेकरास्नी तसं म्हणतो. तुमी सोन्या म्हणता न्हवं का, तसं. तिचं नाव निंगव्वा."

हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही तिला नाव विचारलं नव्हतंत. एका आईचा शब्द तुम्ही ऐकलात आणि ते नाव समजून घरी आणलंत.

आपल्या पोरीला तिनं जवळ बोलावलं, डोक्यावरून हात फिरवला, वाटीभर दूध दिलं. न फोडलेला नारळ माझ्या पिशवीतच होता; मी तो तिच्या मुलाच्या हातात खेळायला दिला आणि उठले. परतीच्या गाडीत पोर माझ्या मांडीवर झोपली. कवठ्याला गाडी थांबली, माणसं चढली, कंडक्टर "पुढं सरका" म्हणत होता, आणि मी पहिल्यांदा तुमच्या जागी उभी राहून ते सगळं बघितलं.

संध्याकाळी पोरीनं तुम्हाला सांगितलंच, "आण्णा, मावशीकडं कोकरू हाय." तुम्ही म्हणालात, "कवठ्याला मेंढरं पाळाय लागली व्हय मावशी?" मी चूल फुंकत राहिले.

जूनमध्ये शाळेत मी एकटी गेले, तुमची ड्यूटी होती. हेडमास्तरांनी लेखणी उचलून विचारलं, "नाव?" मी म्हटलं, "बंगारी." ते म्हणाले, "भंगारी?" मी म्हटलं, "ब बदकातला. बंगारी. कानडीत सोनं." त्यांनी लिहिलं आणि मी ते वाचून घेतलं.

त्या दिवशी घरी येऊन तुम्ही विचारायचं धाडसच करत नव्हतात. शेवटी पोरीनंच पाटीवर लिहून दाखवलं. तुम्ही पाटीकडं बघितलंत, मग माझ्याकडं. "माझं ऐकलंस तू," म्हणालात. मी 'हं' म्हटलं. त्या एका 'हं'वर तुम्ही जन्मभर माझे उपकार मानलेत. कुणासमोरही सांगायचात, "हिनं मन मोठं केलं." मी कुठलंही मन मोठं केलं नव्हतं. मी लिहिलं ते मेलेल्या लेकराचं नाव नव्हतंच, हे मला माहीत होतं, आणि तुम्हाला नव्हतं.

नावानं तिचं काही वाईट झालं नाही. चौथीत तिनं भंगार म्हणणाऱ्या एकाच्या डोक्यात पाटी घातली, त्यानंतर कुणी म्हटलं नाही. लग्नाच्या पत्रिकेत छापखानेवाल्यानं 'चि. सौ. कां. शृंगारी' छापलं आणि तुम्ही पाचशे पत्रिका शाईच्या पेनानं बसून दुरुस्त केल्यात. मीही करायला बसले तर माझ्याकडून काढून घेतल्यात. "माझं काम हाय ते," म्हणालात. मला वाटतं, तेव्हा सांगायला हवं होतं. त्याच्या आधीही शंभरदा वाटलं होतं. सुरुवातीला राग होता, म्हणून सांगितलं नाही. मग खोटं बोलून गेले होते, म्हणून नाही. मग वाटलं, त्या पोरीचं नाव बंगारी नव्हतं असं कळलं तर तुमच्या हातात काय उरेल? आणि शेवटी इतकी वर्षं उलटली की सांगण्यापेक्षा न सांगणंच सोपं झालं. ही कारणं आहेत. त्यातलं एकही चांगलं नाही.

परवा मी लेकीला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मध्येच म्हणाली, "मला ते कोकरू आठवतंय गं." मग म्हणाली, "म्हणजे ते नाव दुसऱ्या कुणाचं नव्हतंच. माझ्या एकटीचंच की." आणि मग तिनं जे विचारायचं तेच विचारलं: आण्णांना का सांगितलं नाहीस? मी वर जे लिहिलं तेच तिला सांगितलं. ती उठून बाहेर गेली. थोड्या वेळानं आत आली आणि माझ्याजवळ बसली. अजून नीट बोलत नाही. बोलेल.

एक गोष्ट तिलाही सांगितली नाही, कारण ती आधी तुम्हाला सांगायला हवी.

मी त्या वस्तीवरून निघाले तेव्हा कल्लव्वा फाट्यापर्यंत माझ्यासोबत आली. मुलगा कडेवर, आपल्या पोरीचं बोट दुसऱ्या हातात. वाटेत मी तिला विचारलं, गाडी लवकर पोचली असती तर? ती चालतच राहिली. म्हणाली, पोर दोन दिवस दूध घेत नव्हती. मालक मेंढरं घेऊन लांब गेलेले. ते येतील म्हणून ती दोन दिवस वाट बघत बसली. फाट्यावर आली तेव्हाच पोरीचे हातपाय गार पडले होते. आणि म्हणाली, तुमचे मास्तर गाडी फाट्यावर उभी ठेवून माझ्यासंगं उतरून घरापर्यंत चालत आले. दारात बसून रडले. मीच त्यांना पाणी दिलं.

हेही तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत.

गाडी दिसली तशी तिनं पोरीचं बोट माझ्या हातात दिलं. "मास्तरास्नी सांगा," म्हणाली, "उशीर मी केला. त्यांनी न्हाई. मनाला लावून घिऊ नका म्हणावं."

मी "सांगते" म्हटलं होतं.